कच्चीकोपा लोहागड

ज्या गुहेला आज सगळे कचारगड म्हणतात, तिचं कथेतलं नाव मोठं आहे: कच्चीकोपा लोहागड. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, सालेकसा तालुक्यात, धनेगावच्या वर हा डोंगर उभा आहे. दरेकसा स्टेशनावर उतरून तिकडे जाता येतं. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश तिथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे माघ पौर्णिमेच्या जत्रेला मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पवारी आणि गोंडी एकाच पायवाटेनं वर चढतात. 'जय सेवा' हा जयघोष मात्र सगळ्यांचा एकच. गुहेच्या छताला वर एक भगदाड आहे, त्यातून उजेड खाली उतरतो. कथा सांगते की काली कंकालीची मुलं इथं धोंड्याआड कोंडली गेली होती, आणि गोंडांच्या आदिगुरू लिंगोनं, जंगो रायताडनं आणि हिरासुका पाटालीर नावाच्या वादकानं त्यांना बाहेर काढलं. त्या मुलांपासून कोयतूरांची, म्हणजे गोंडांची, कुळं झाली.

माझं लक्ष कथेपेक्षा नावात अडकलं. गोंडीत लोखंडाला कच्ची म्हणतात. म्हणजे नावाच्या पहिल्या अर्ध्यात गोंडी लोखंड आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात आपलं लोह. दोन भाषांचे लोक एकाच डोंगराकडे बोट दाखवून एकच गोष्ट म्हणाले आणि नावानं दोघांचंही ऐकून घेतलं. मराठीला ही रीत नवी नाही. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र असे जोडशब्द आपण रोज बोलतो, आणि त्यात एक शब्द जुन्या शेजाऱ्याचा असतो. पण हे नाव आणखी खोल जातं. संस्कृतात लोह हा शब्द आधी तांबूस धातूसाठी होता, लोखंडावर तो नंतर स्थिरावला. लोहित म्हणजे लाल हे आपण अजून विसरलेलो नाही. इंग्रजीत ही कथा पहिल्यांदा उतरली तेव्हा या नावाचा अर्थ 'लोखंडाची दरी, तांबडे डोंगर' असा दिला गेला. सांगणाऱ्याच्या तोंडी लोह अजून लाल होतं की ऐकणाऱ्यानं संस्कृत कोशातून तो रंग आणला, हे ठरवता येत नाही. मला मात्र ते दोन्ही अर्थ एकत्र राहिलेले आवडतात.

कथा इंग्रजीत उतरवणारा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात शाळा चालवायचा, दगड गोळा करायचा आणि गोंडांची गाणी लिहून घ्यायचा. गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधान गायकाकडून त्यानं लिंगोचं दीर्घ गाणं मूळ गोंडीसकट उतरवलं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं 1866 मध्ये छापले. पुढे 1871 मध्ये जेम्स फोर्सिथ या वनाधिकाऱ्यानं तेच गाणं इंग्रजी पद्यात बसवलं, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या आदिवासींवरच्या तेव्हाच्या एका गाजलेल्या काव्याचा छंद उचलला. त्यामुळे लिंगो इंग्रजी वाचकाला परका वाटला नाही, हे खरं. पण त्याची स्वतःची चाल त्या इंग्रजीत गेली नाही.

नावांचा अर्थ कोण सांगतो, यावर नावाचं बरंच काही ठरतं. गोंडांच्या सर्वांत मोठ्या देवाचं नाव पेर्सा पेन. पेन म्हणजे देव, आणि पेर्सा म्हणजे मोठा. तेलुगूतला पेद्द आणि तमिळमधला पेरु यांच्या घराण्यातला हा शब्द. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फनं 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून त्याचा अर्थ तसाच सरळ दिला: महान देव. पण त्याच्या आधीच्या इंग्रज नोंदींत हाच देव फरसा पेन, फर्सी पेन अशा रूपांत येतो, आणि तिथं त्याचा अर्थ केला जातो परशूचा देव. ऐकणाऱ्याच्या कानात हिंदी फरसा आधीच बसलेला होता. ठाण्यावर लोखंडाचं भालासदृश चिन्ह दिसलं की शंकेला जागाच उरली नसेल. हिंदीत हा बडादेव झाला, मग कुठं बुढादेवही झाला, म्हणजे मोठेपणाचं म्हातारपण झालं. एका अक्षराच्या हेलकाव्यानं देव शस्त्र धरतो, एका अक्षरानं त्याचे केस पिकतात.

ग्रीकांकडे हे अगदी असंच घडलं. अफ्रोदितेचं नाव कुठून आलं याचा पत्ता त्यांना लागेना, तेव्हा त्यांच्या भाषेत फेसाला असलेला अफ्रोस हा शब्द पुढे आला, आणि हेसिऑडच्या काव्यात देवी समुद्राच्या फेसातून जन्मली. नावाचा चुकीचा अर्थ पुराणकथेची आई झाला. आज अफ्रोदितेचं नाव फेसातून आलं असं कोणी भाषाशास्त्रज्ञ ठामपणे म्हणत नाही, पण ती कथा पुसून टाकायला कोण तयार होईल? परशूच्या देवाबद्दल मात्र मला तसं वाटत नाही. अफ्रोदितेला फेस तिच्या भक्तांनी दिला होता. फरसा पेनला परशू दिला तो नोंदवहीनं, आणि ती नोंदवही ज्याच्या हातात होती त्याला पेर्सा म्हणजे काय हे विचारायला समोर माणूस बसलेला होता.

नावांची मुळं शोधण्याचा नाद आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारखाच जुना. यास्कानं निरुक्तात एका अग्नीच्या नावाला कितीतरी वाटांनी उकललं: तो अग्रणी म्हणून अग्नी, आणि शाकपूणी नावाच्या आचार्याचं मत असं की हे नाव तीन क्रियापदांतून मिळून घडलं. प्लेटोच्या 'क्रातिलस' संवादात सॉक्रेटिस अपोलोच्या नावातून त्याची चारही कामं काढून दाखवतो: संगीत, भविष्यकथन, वैद्यक आणि धनुर्विद्या. आजच्या शास्त्राला यातलं फार थोडं मान्य आहे. तरी हे ग्रंथ मला खोटे वाटत नाहीत. नाव हा देवाचा स्वभाव आहे, तो उलगडल्याशिवाय स्तुती पोकळ राहते, ही त्यामागची श्रद्धा आहे. यास्काचा आग्रहच असा की शब्दाची उकल न करता त्याला तसाच सोडू नये.

सुटलेली कोडी मोजकी आणि त्यांतलं सर्वांत झळझळीत आपल्याच घरचं आहे. झ्यूस, रोमनांचा जुपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पितर ही एकाच बापाची नावं. मूळ अर्थ उजळ आकाश. मराठीतला दिवस त्याच कुळातला, देवही त्याच कुळातला. देवापुढे लावलेला दिवा मात्र त्यांतला नाही. तो दीपापासून आला. कानाला सख्खी वाटणारी नाती कुळात शोधावीच लागतात.

पेन हा शब्द असाच शोधला तेव्हा मी थबकलो. टॉमस बरो आणि मरे एमनो यांनी 1961 मध्ये द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला. त्यात गोंडीतला पेन आणि ओडिशातल्या कुई भाषेतला पेनु, म्हणजे देव, यांच्या शेजारी तमिळ शब्द उभा आहे: पेय्. तमिळमध्ये पेय् म्हणजे भूत, पिशाच. एकाच मुळातून दक्षिणेत भूत निघालं आणि आमच्या झाडीत देव. यात कोणाची अवनती झाली असं मानायचं कारण नाही. कदाचित आरंभी हा शब्द फक्त एवढंच सांगत असेल की इथं कोणीतरी आहे, दिसत नाही, पण त्याला मान द्यावा लागतो. तो मान ज्यांनी चालू ठेवला त्यांच्याकडे पेन राहिला. ज्यांच्याकडे मंदिरांतले नवे देव आले त्यांनी जुन्या शब्दाला गावाबाहेर पाठवलं.

हीच हालचाल इतरत्र झाली आहे. आपले देव इराणी अवेस्तात दएव झाले, म्हणजे राक्षस. आणि आपण ज्याला असुर म्हणून हाकललं तो तिकडे अहुर म्हणून सर्वोच्च देव झाला. ग्रीकांचा दाइमोन मूळचा दैवी शक्ती. सॉक्रेटिसला आतून अडवणारा आवाज त्याच जातीचा होता. ख्रिस्ती काळात तो सैतानाचा चाकर झाला. असुर हा शब्दही ऋग्वेदाच्या जुन्या थरात वरुणाला मानानं लावलेला आहे.

असुरावरून नवेगावबांध आठवतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे तळं मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे मराठी वाचकाच्या मनात पाखरांसाठी पक्कं झालं आहे. तळं मात्र माणसानं बांधलेलं. कोहळी समाजातल्या कोलू पाटलानं अठराव्या शतकाच्या आरंभी डोंगरांच्या मधली खिंड बांधून पाणी अडवलं, असं सांगतात. भंडारा-गोंदियाच्या भागात तळी बांधणं ही कोहळ्यांची विद्या. धानाची शेती आजही त्या जुन्या पाळींच्या आधारानं उभी आहे. तळ्याभोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. त्यांतल्या एका शिखरावर कोलासूर देवाचं ठाणं आहे, आणि हा कोलासूर म्हणजे तो कोलू पाटील.

एका पाटलाचा देव होतो आणि नावाच्या शेवटी लोकांच्या कानाला ऐकू येतो तो सूर, असुराचा. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. म्हसोबाला नमस्कार करणाऱ्या महाराष्ट्रात वाटायचं कारणही नाही. महिषासुराचं नाव लावूनच तो शेताच्या बांधावर बसलेला आहे. अफाट ताकदीचा, डोंगर अडवणारा, पाणी थांबवणारा तो असुर, अशी जर लोकांची समज असेल तर ती ऋग्वेदाच्या त्या जुन्या अर्थाला पोथीपेक्षा जवळची आहे. ग्रीकांकडे इ.स.पू. 300 च्या सुमारास युहेमेरस नावाच्या लेखकानं मांडलं होतं की सगळे देव मूळचे थोर माणसंच होते. त्याला लोकांनी नास्तिक ठरवलं. नवेगावच्या माणसाला या विचारात नास्तिकपणा दिसणार नाही. कोलू पाटील माणूस होता म्हणून कोलासूर खोटा ठरत नाही. त्याचा पुरावा समोर हिंदकळतो आहे, आणि त्यावर धान पिकतं.

आता गोंदियाच्याच नावाबद्दल. शहरात एक सांगणं असं की इथं डिंकाचा, म्हणजे गोंदाचा आणि लाखेचा व्यापार चालायचा, त्यावरून गोंदिया. दुसरं सांगणं गोंडांवरून. खुद्द गोंड हे नावही त्यांनी स्वतःला दिलेलं नाही. तेलुगूतल्या कोंड, म्हणजे डोंगर, या शब्दाशी ते जोडतात. ते स्वतःला म्हणतात कोया, कोयतूर. म्हणजे दुसऱ्यांनी दिलेल्या नावावरून तिसऱ्यांनी गावाला नाव दिलं की झाडाच्या चिकावरून, असा हा वाद आहे. मला या वादाची घाई नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर डिंकाची पोती होती आणि ती भरणारे हात जंगलातून येत होते. अथीना ही देवी आणि अथेन्स हे तिचं शहर यांतलं आधीचं कोण यावरही विद्वान भांडत आले आहेत. क्रीटमधल्या क्नोसोस इथल्या मातीच्या पाटीवर तिचं नाव सापडलं तेव्हा त्याचा अर्थ 'अथेन्सची स्वामिनी' असाही लागू शकत होता.

त्या पाट्या मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये वाचल्या. झ्यूस, हेरा, पोसेडॉन, हर्मिस ही नावं होमरच्या कितीतरी शतकं आधी तिथं होती. पण जुनी नावं सापडली म्हणून अर्थ सापडले असं झालं नाही. अथीना, अपोलो, हेरा यांची खात्रीची ग्रीक व्युत्पत्ती आजही नाही. रॉबर्ट बेकस या डच पंडितानं 2010 मध्ये ग्रीकचा मोठा व्युत्पत्तिकोश काढला, आणि त्यात अशा शेकडो शब्दांपुढे एकच शेरा आहे: ग्रीकपूर्व. ग्रीक येण्याआधी त्या भूमीवर कोणीतरी राहत होतं. त्यांची भाषा नाहीशी झाली. कॉरिंथ, लॅबिरिंथ, हायाकिंथोस यांच्या शेपटीला लागलेला 'इंथ' आणि देवांची काही नावं एवढाच तिचा अवशेष. हेरोडोटस लिहितो की ग्रीकांआधीचे पेलास्गियन लोक देवांना नावाशिवायच पूजत. पुढे बाहेरून नावं आली तेव्हा ती घ्यावीत का हे त्यांनी दोदोनाच्या देवस्थानाला विचारलं, आणि घ्या, असा कौल मिळाला. ते लोक स्वतः काय सांगत होते, हे मात्र आपल्याला ग्रीकाच्या तोंडूनच कळतं.

कचारगडच्या चढावर देवरीकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या बरोबरीनं चालत होते. बसायला सावली मिळाली तेव्हा मी त्यांना विचारलं, "बाबाजी, घरी गोंडी बोलता का?"

"आमचा बुढा बोले जी," ते म्हणाले. "माले समजते थोडीथोडी. बोलता नाही येत. पोरायले तं समजतही नाही."

"मग पेन म्हणजे काय, हे पोरांना माहीत आहे?"

"पेन मंजे पेन, जी. त्याले काय दुसरं नाव हाये?"

हे बोलणं माझ्या मनात राहिलं आहे. घरातून भाषा गेली, हिंदी आली, मराठी आली, आकडे गेले, नात्यांचे शब्द गेले, पण देवाला हाक मारायची वेळ आली की तोंडात गोंडीच येते. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची वाटणी लग्न ठरवताना अजून विचारली जाते, आणि नालवेन, सैवेन, सारवेन, येरवेन या नावांत ज्यांना गोंडीत मोजता येत नाही तेही चार ते सात मोजतात. देवांची नावं ही भाषेची शेवटची राखणदार असतात. ग्रीकपूर्व भाषेचं तसंच झालं असणार. आधी बाजारातली भाषा बदलली असेल, मग घरातली. आणि अखेर एखादी आजी अथीनेला हाक मारत राहिली असेल, त्या नावाचा अर्थ न कळता.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की इथं अजून विचारायला माणूस आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी आपली मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख होते. गोंड म्हणून नोंदलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे, म्हणजे बहुतेकांच्या घरातून भाषा सुटत चालली आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही. तरीही गडचिरोलीत, बस्तरात, आदिलाबादेत ती रोज बोलली जाते. बेकसला जे कोणाला विचारता आलं नाही, ते आपल्याला उद्या सकाळी विचारता येईल.

मोतीरावण कंगाली यांनी ते विचारलं. 1949 मध्ये नागपूर जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस रिझर्व्ह बँकेत नोकरी करायचा, आणि उरलेला सगळा वेळ गोंडी शब्द, गोत्रं, पेनठाणी यांच्यामागे फिरायचा. 1980 च्या दशकात त्यांनी आणि 'गोंडवाना दर्शन'चे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांच्यासारख्या सोबत्यांनी कथेतली कच्चीकोपा लोहागड म्हणजे हीच गुहा असं सांगून लोकांना इथं बोलावलं. आज माघ पौर्णिमेला लोटणारी गर्दी त्या हाकेला आलेली आहे. पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांवरची त्यांची पुस्तकं जत्रेतल्या दुकानांत पसरलेली दिसतात आणि लोक ती विकत घेतात. देवांच्या नावांची उकल करणारी पुस्तकं जत्रेत विकली जाताना मी दुसरीकडे कुठं पाहिलेली नाहीत.

कंगालींच्या सगळ्या उकली मला पटत नाहीत. सिंधू मुद्रांवरची लिपी त्यांनी गोंडीतून वाचली. तो दावा पेलणारा पुरावा मला दिसत नाही. काही नावं ते अक्षर अक्षर सोडवून अर्थ लावतात, तेव्हा ती पद्धत बरोच्या कोशापेक्षा यास्काला जवळची वाटते. पण यास्काला आपण मान देतो तो त्याच्या प्रत्येक उत्तरासाठी नव्हे. शंभराहून अधिक वर्षं ज्यांच्या देवांच्या नावांचे अर्थ मिशनरी, वनाधिकारी आणि जनगणनेचे साहेब लावत आले, त्यांच्यातला एक माणूस उठून म्हणतो की आता मी सांगतो. त्या उत्तरांत काही चुकीची असतील तर ती दुरुस्त करण्याचं काम गोंडी येणाऱ्यांच्याच हातून व्हावं. खुद्द लिंगो या नावाचंच पाहा. हिस्लॉपच्या गाण्यात महादेव गोंडांना कोंडतो आणि लिंगो सोडवतो. बाहेरच्या कानाला लिंगोच्या नावात महादेवाचं लिंग ऐकू येतं आणि मग त्याला महादेवाच्याच पदरी बांधलं जातं. हेराक्लीझच्या नावाचा अर्थ 'हेराची कीर्ती', आणि जन्मापासून त्याच्या जिवावर उठलेली तीच हेरा. ग्रीकांना हा पेच कधी सुटला नाही. लिंगोचा पेच सुटेल तो त्याच्या गाण्याच्या मूळ गोंडी शब्दांत, तिथं तो फुलातून जन्मतो.

म्हणून मला वाटतं, जिल्ह्यातल्या गावागावांच्या पेनांची नावं भूमक, म्हणजे गावचे पुजारी, आणि परधान ज्या उच्चारात घेतात त्याच उच्चारात ध्वनिमुद्रित व्हायला हवीत. लिहून घेणं पुरेसं नाही. पेर्साचा फरसा ऐकून लिहिण्यातच झाला. हे काम महाविद्यालयांतल्या गोंड मुलामुलींनी करावं, आजोबांना ओळखणाऱ्या माणसांनी. किंगरी वाजवणारे परधान आता मोजके राहिले आहेत, आणि कुळांची कथा गाण्याचा मान त्यांचा आहे.

गुहेच्या तोंडावरचा धोंडा ढकलताना हिरासुका स्वतः त्याखाली चिरडला गेला. परधान त्याला आपल्यातला पहिला मानतात. त्याला पाटालीर का म्हणतात हे मात्र धनेगावच्या वाटेवर कोणीही गोंडी येणारा क्षणात सांगतो, कोश न उघडता: पाटा म्हणजे गाणं.